आडत्या, पण चित्रांचा: केकू गांधी आणि केमोल्ड गॅलरी, सोप्या भाषेत

मार्च 2025 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात एम. एफ. हुसेन यांचं 'ग्राम यात्रा' हे चित्र विकलं गेलं, जवळपास 1 कोटी 37 लाख डॉलरला, म्हणजे आपल्या पैशात 118 कोटीच्या आसपास. बातमी गावातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली आणि पहिलीच कमेंट पडली, "एवढ्यात तालुक्याचं पीककर्ज फिटलं असतं न बाप्पा." त्याखाली दुसरी, "हुसेनच्या पोरांची तर लॉटरी लागली." पहिलीवर काय बोलावं, पण दुसरी साफ चुकीची आहे आणि बहुतेकांना असंच वाटतं, म्हणून हे लिहायला घेतलं.

हुसेन 2011 मध्येच वारले. हे चित्र त्यांनी 1954 मध्ये केलं होतं, जवळपास 14 फूट लांब, त्यात खेड्यातल्या जगण्याची 13 लहान लहान चित्रं. त्याच वर्षी ते एका परदेशी डॉक्टरने घेतलं जो जागतिक आरोग्य संघटनेच्या कामासाठी दिल्लीत आला होता, त्याने सोबत नॉर्वेला नेलं आणि पुढे ओस्लोच्या हॉस्पिटलला देऊन टाकलं. तिथं ते कित्येक वर्षं भिंतीवर होतं. विकलं ते हॉस्पिटलने, पैसा मिळाला हॉस्पिटलला, लिलाव कंपनीने आपली फी घेतली. ज्याने काढलं त्याच्या घरचा या व्यवहारात संबंधच नाही.

आता चित्रांच्या धंद्यातली पहिली गोष्ट इथंच समजून घ्या. चित्र दोनदा विकलं जातं, म्हणजे दहादाही विकलं जाईल पण प्रकार दोनच. पहिल्यांदा चित्रकाराकडून घेणाऱ्याकडे जातं, हा एक बाजार. नंतर घेणारा दुसऱ्याला विकतो, दुसरा तिसऱ्याला, हा दुसरा बाजार. पेपरात जे कोटीचे आकडे येतात ते जवळपास सगळे दुसऱ्या बाजाराचे. चित्रकाराचं घर चालतं ते पहिल्या बाजारावर, आणि तिथला आकडा कधी बातमीत येत नाही कारण तो सांगण्यासारखा नसतोच बहुतेक वेळा. या पहिल्या बाजारात चित्रकार आणि गिऱ्हाईक यांच्या मधात जो माणूस बसलेला असतो तो म्हणजे गॅलरीवाला.

आपल्याकडे मधातला माणूस म्हटलं की लगेच आडत्या डोळ्यासमोर येतो, आणि खरं सांगू का, हिशोबापुरतं ते बरोबरच आहे. शेतकरी माल आडत्याच्या दुकानात टाकतो, मालकी शेतकऱ्याचीच राहते, आडत्या बोली लावून विकून देतो आणि आपली आडत कापून पट्टी हातात देतो. गॅलरीतही चित्रं बहुतेक वेळा अशीच ठेवलेली असतात, गॅलरीने विकत घेतलेली नसतात, विकली गेली की ठरलेला हिस्सा गॅलरीचा. फक्त तो हिस्सा ऐकून आपला माणूस खुर्चीवरून पडेल, कारण तो तिसऱ्या हिश्श्यापासून थेट अर्ध्यापर्यंत असतो. अर्धा! पण एक फरक आहे. आडत्याला आजची गाडी आज रिकामी करायची असते, उद्या तुमची तूर कोण घेईल याची काळजी त्याला नाही, आणि तुरीला गिऱ्हाईक तयार करायची गरजही नाही, लोक डाळ खातातच. चित्र मात्र कोणालाच नको असतं. निदान नव्या माणसाचं, नव्या पद्धतीचं चित्र तरी नको असतं. त्याला आधी गिऱ्हाईक जन्माला घालावं लागतं, मग वीस वर्षं वाट पाहावी लागते, आणि या वीस वर्षांत चित्रकाराने दुसरा धंदा धरू नये एवढं त्याला सांभाळावं लागतं. अर्धा हिस्सा कशाचा, तर याचा. सगळ्याच गॅलऱ्या हे करतात असं अजिबात नाही, पण ज्याने केलं त्याची गोष्ट सांगतो.

केकू गांधी. जन्म 1920, मुंबईचे पारशी, वांद्र्याला समुद्रासमोर 'केकी मंझिल' नावाचं घरचं मोठं घर. केंब्रिजला शिकायला होते, 1939 च्या सुट्टीत घरी आले आणि तिकडे महायुद्ध पेटलं, परत जाणं झालंच नाही. हातात काम नाही, अशात ओळख झाली रॉजर व्हॅन डाम नावाच्या एका बेल्जियन माणसाशी, ज्याला फ्रेमच्या पट्ट्या बनवायचा कारखाना काढायचा होता. 1941 मध्ये दोघांनी मिळून काम सुरू केलं, कंपनी केमिकल मोल्डिंगची, त्यातूनच नाव पडलं केमोल्ड. म्हणजे भारतातल्या आधुनिक चित्रांच्या सगळ्यात महत्त्वाच्या गॅलऱ्यांपैकी एक, तिची सुरुवात फ्रेमवाल्याच्या दुकानातून झाली.

हे मला फार आवडतं, कारण फ्रेमचं दुकान ही एकच अशी जागा आहे जी तालुक्याच्या ठिकाणीही असते. आमच्याकडे बसस्टँडजवळ आहे, भिंतीवर गजानन महाराज, तुकडोजी महाराज, बाबासाहेब, लक्ष्मी, आणि खाली टेकवून ठेवलेले गेलेल्या माणसांचे एन्लार्ज केलेले फोटो, ज्यांची तेराव्याच्या आधी डिलिव्हरी पाहिजे असते. गावातला प्रत्येक माणूस आयुष्यात कधी ना कधी तिथं जातोच. केकूंच्या दुकानातही असेच सगळे यायचे, आणि फ्रेम करायला चित्रकारही यायचे ज्यांच्याकडे फ्रेमचे पैसे असतीलच असं नव्हतं. मग केकूंनी दुकानाच्या काचेत त्यांची चित्रं लावायला सुरुवात केली. के. एच. आरा यांचं चित्र काचेत. आरा म्हणजे ज्यांनी घरगडी म्हणून, गाड्या धुऊन दिवस काढले तो माणूस. हुसेन तेव्हा सिनेमाची होर्डिंग रंगवून आणि फर्निचरच्या कामावर पोट भरून आलेले. अशा लोकांची चित्रं रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसतील अशी लावणं ही त्या काळात छोटी गोष्ट नव्हती, कारण तेव्हा मुंबईत चित्र दाखवायला जागाच नव्हती म्हणा ना, बॉम्बे आर्ट सोसायटीचं वार्षिक प्रदर्शन, एखादा भाड्याचा हॉल, संपलं.

बरं, घेणारे कोण होते? इथं इतिहास थोडा विचित्र वळण घेतो. हिटलरच्या भीतीने युरोपातून पळालेले काही लोक मुंबईत आले होते. वॉल्टर लँगहॅमर हा ऑस्ट्रियाचा चित्रकार, तो टाइम्स ऑफ इंडियाचा आर्ट डायरेक्टर झाला. रूडी फॉन लायडन त्याच पेपरात चित्रांवर लिहायचा. इमॅन्युएल श्लेसिंगर याने औषधांची कंपनी काढली आणि कमाईतून चित्रं घ्यायला लागला. एक शिकवणारा, एक लिहिणारा, एक विकत घेणारा. लँगहॅमरच्या घरी ही चित्रकार पोरं जमायची, युरोपच्या चित्रांची पुस्तकं पाहायची, भांडायची. केकू या टोळक्यात होते, वयाने पोरांच्याच बरोबरीचे, आणि ज्याच्याकडे दुकान आहे असा तो एक माणूस.

1947 मध्ये फ्रान्सिस न्यूटन सूझा यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. सुरुवातीचे सहा जण: सूझा, रझा, हुसेन, आरा, शिल्पकार सदानंद बाकरे, आणि सहावे ह. अं. गाडे. राजेहो, हे हरी अंबादास गाडे आपल्या तळेगाव दशासरचे! अमरावती जिल्हा. तळेगाव म्हटलं की आपल्याला शंकरपट आठवतो, बैलजोड्या आठवतात, पण भारताच्या आधुनिक चित्रकलेचा जो सगळ्यात गाजलेला ग्रुप त्याच्या पहिल्या सहातला एक माणूस 1917 मध्ये त्या गावात जन्मला हे तिथल्या किती पोट्ट्यांना माहीत असेल देव जाणे. विज्ञानाची पदवी घेतलेला माणूस, नागपूरच्या कलाशाळेत शिकला आणि रंगांसाठी ओळखला गेला. सय्यद हैदर रझा मध्य प्रदेशात मंडला जिल्ह्यात जन्मलेले, पण तेही मुंबईला जायच्या आधी नागपूरच्याच कलाशाळेतून शिकलेले. आणि नंतर 1950 मध्ये या ग्रुपला येऊन मिळालेले वासुदेव गायतोंडे, घरचे गोव्याचे, पण जन्म 1924 चा नागपूरचा. म्हणजे मुंबईचा म्हणून जो ग्रुप ओळखला जातो त्याच्यात आपल्या बाजूचा वाटा चांगलाच आहे.

ग्रुपचं प्रदर्शन 1949 मध्ये झालं, उद्घाटनाला लेखक मुल्कराज आनंद. वर्ष-दीड वर्षात सूझा लंडनला, रझा पॅरिसला, 1956 पर्यंत ग्रुप संपलाही. टोळकं विखुरलं, पण बाकीचे चित्रकार आणि त्यांची चित्रं इथंच होती आणि त्यांच्यासाठी जागा अजूनही नव्हती. मुंबईत काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरी 1952 मध्ये उघडली, सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून. ती व्हावी म्हणून ज्यांनी धडपड केली त्यात केकू होते, शास्त्रज्ञ होमी भाभा होते, चित्रकार हेब्बर होते.

आता इथं एक फरक नीट समजून घ्या, कारण गावाकडून प्रदर्शन करायला मुंबईला जाणाऱ्या पोरांना हाच कळत नाही. जहांगीर नावाने गॅलरी आहे पण ती भाड्याची जागा आहे. चित्रकाराने अर्ज करायचा, नंबर लागायला वर्षं जातात, भाडं भरायचं, चित्रं आपण न्यायची, आपण टांगायची, गिऱ्हाईकही आपणच पाहायचं आणि आठवडा संपला की गुंडाळून घरी. चांगली सोय आहे, कोणालाही दार उघडं आहे, आणि हजारो लोक तिथून चालत जातात ही मोठीच गोष्ट आहे. पण तिथं तुमच्या वतीने बोलणारा कोणी नाही. ज्या अर्थाने आपण इथं गॅलरी म्हणतोय तिथं उलटं असतं, जागा गॅलरीची, खर्च गॅलरीचा, निवड गॅलरीची आणि जबाबदारीही गॅलरीची. ती चित्रकाराकडून भाडं घेत नाही, विक्रीतला हिस्सा घेते. म्हणून तुम्हाला कोणी फोन करून म्हणालं की आमच्या राष्ट्रीय प्रदर्शनात तुमची निवड झाली, फक्त सहा हजार सहभाग शुल्क भरा, सोबत सन्मानचिन्ह मिळेल, तर ती गॅलरी नाही, ते सन्मानचिन्हाचं दुकान आहे.

1963 मध्ये जहांगीरच्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर केकू आणि त्यांच्या पत्नी खोर्शेद यांनी गॅलरी केमोल्ड सुरू केली. जागा लहान. बोलका, लोकांत मिसळणारा चेहरा केकूंचा, पण रोजची गॅलरी खोर्शेदबाईंनी चालवली, चित्रं लावणं, पत्रव्यवहार, हिशोब, चित्रकारांची मनधरणी, आणि कोणत्याही गॅलरीचा खरा कणा हेच काम असतं, तरी नाव घेताना आपण एकाचंच घेतो. मीही वर शीर्षकात तेच केलंय. आणि पैशाचं गणित असं की फ्रेमचा धंदा चालू होता म्हणून गॅलरी तग धरू शकली. त्याच वर्षी मुंबईत पंडोल आर्ट गॅलरीही सुरू झाली. दिल्लीत धूमिमल 1936 पासून होती, कुमार गॅलरी 1955 पासून. म्हणजे केकू एकटे होते असं नाही, पण सगळे मिळून हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

तेव्हाचे मोठे गिऱ्हाईक कोण, हेही मजेशीर आहे. श्रीमंत शेठ नाही, एअर इंडिया. कंपनी आपल्या देशोदेशीच्या ऑफिसात लावायला चित्रं घ्यायची, कधी कधी तर पैशाऐवजी विमानाचं तिकीट द्यायची, आणि ज्या चित्रकाराला पॅरिस पाहायचं आहे त्याला यापेक्षा चांगला सौदा कोणता? दुसरं गिऱ्हाईक होमी भाभांची टाटा मूलभूत संशोधन संस्था, जिथं इमारतीच्या खर्चाचा एक टक्का चित्रांवर घालायचा अशी परवानगी भाभांनी नेहरूंकडून मिळवली होती. अणुशास्त्रज्ञाच्या संस्थेच्या भिंतीवर हुसेन, गायतोंडे. त्या एक टक्क्याने कितीजणांची चूल पेटली असेल याचा विचार करा.

मग गॅलरी रोज करते काय? बाहेरून पाहिलं तर पांढऱ्या भिंती, चार चित्रं, एक मुलगी कॉम्प्युटरसमोर बसलेली, आणि आत जायला आपल्याला भीती वाटते. आत चाललेलं असतं ते किमतीचं काम. नव्या चित्रकाराची किंमत गॅलरी कमी ठेवते, आणि मग हळूहळू वाढवते, एका प्रदर्शनातून दुसऱ्यात थोडी. एकदा वाढवली की खाली आणायची नाही, हा या धंद्यातला लिहून न ठेवलेला नियम, कारण ज्याने मागच्या वर्षी एक लाखाला घेतलं त्याला यंदा तसंच चित्र सत्तर हजाराला दिसलं तर तो पुन्हा त्या दारात पाय ठेवणार नाही. म्हणून गॅलरीत सेल लागत नाही. चित्र विकलं गेलं की बाजूला लाल टिकली लावतात, आणि टिकल्या पाहून बाकीच्यांची चलबिचल होते, हा भाग अगदी माणसाच्या स्वभावाचा आहे.

आणि कोणाला विकायचं हेही गॅलरी पाहते. पैसा घेऊन आला म्हणून चांगली गॅलरी लगेच चित्र देईलच असं नाही. घेतलं आणि सहा महिन्यांत लिलावात टाकलं असा माणूस तिला नको असतो. का? लिलावात किंमत सगळ्यांसमोर ठरते, नव्या पोराचं चित्र एकदा उधाणात दहापट गेलं तर पुढच्या वर्षी तेवढं जाणार नाही, आणि चारचौघांत बोलीच लागली नाही तर त्या पोराचं नाव खराब होतं. आपल्याकडे हे झालंय. 2004 नंतर भारतीय चित्रांचे भाव सुटले होते, चित्रांत पैसा लावणारे फंड निघाले, ज्यांना चित्र उभं की आडवं हे कळत नव्हतं तेही घ्यायला लागले, आणि 2008 च्या मंदीत सगळं बसलं. हुसेन, रझा, गायतोंडे यांचे भाव पुन्हा वर आले. त्या तेजीत उचलले गेलेले कित्येक तरुण पुन्हा दिसले नाहीत. म्हणून गॅलरी एखाद्या म्युझियमला चित्र कमी किमतीत देते आणि जास्त देणाऱ्याला थांबवते. म्युझियम विकत नाही, भिंतीवर ठेवतं, पुस्तकात छापतं, आणि त्याने बाकीच्या चित्रांचा पाया पक्का होतो.

तिसरं काम कागदाचं, आणि माझ्या मते हेच सगळ्यात जास्त काळ टिकणारं. कोणतं चित्र कधी केलं, कोणत्या प्रदर्शनात होतं, कोणी घेतलं, कितीला, त्यानंतर कुठे गेलं, कॅटलॉगमध्ये कोणत्या पानावर आहे. शेताला जसा सातबारा आणि फेरफार तसा चित्राला हा इतिहास, आणि तो नसेल तर चित्र खरं असूनही अडकून पडतं. खोट्या चित्रांचं प्रमाण किती भयंकर आहे त्याचं एकच उदाहरण देतो, 2009 मध्ये रझा दिल्लीत स्वतःच्याच चित्रांच्या प्रदर्शनाला गेले, भिंतीवर पाहिलं तर चित्रं त्यांची नव्हतीच. माणूस जिवंत होता म्हणून कळलं. चित्रकार गेल्यावर कोण सांगणार? तेव्हा साठ वर्षांपूर्वीची पावती, पत्र, फोटो हेच बोलतात, आणि ते ज्या गॅलरीने जपून ठेवले तिची किंमत तेव्हा कळते. केमोल्डकडे असे दशकांचे कागद आहेत.

हा प्रकार नुसता आपल्याकडचा नाही. पॅरिसमध्ये 1907 ला कानवायलर नावाच्या तरुण जर्मन माणसाने गॅलरी काढली आणि पिकासो, ब्राक यांची चित्रं अशा वेळी घेतली जेव्हा लोक हसत होते. पहिल्या महायुद्धात तो शत्रुदेशाचा म्हणून फ्रेंच सरकारने त्याचा सगळा माल जप्त केला आणि 1921 ते 23 मध्ये लिलावात काढला. ढिगाने चित्रं एकदम बाजारात, भाव पडले, आणि त्याची वर्षांची मेहनत दुसऱ्यांनी स्वस्तात उचलली. तरी त्याने पुन्हा गॅलरी काढली. या धंद्यात शहाणे लोक टिकत नाहीत, हट्टी टिकतात असं माझं मत झालंय.

केकूंचा हट्ट कोणासाठी होता ते पाहा. भूपेन खख्खर, धंद्याने चार्टर्ड अकाउंटंट, मुंबईहून बडोद्याला गेलेला, न्हावी, घड्याळ दुरुस्त करणारा, शिंपी अशा साध्या माणसांची चित्रं काढायचा, बघणाऱ्याला वाटे कॅलेंडरवरचं चित्र आहे की काय. त्याला केमोल्डने सुरुवातीपासून धरून ठेवलं. 2016 मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयात त्याच खख्खरचं मोठं प्रदर्शन झालं, तेव्हा तो जाऊन तेरा वर्षं झाली होती. तय्यब मेहता, नलिनी मलानी, विवान सुंदरम, अतुल दोडिया ही नावं याच गॅलरीशी जोडलेली. जितीश कल्लाटचं पहिलं प्रदर्शन 1997 मध्ये तिथंच.

आणि जिव्या सोमा म्हसे. डहाणूजवळच्या गंजाडचे, वारली. लग्नातला भिंतीवरचा चौक रंगवायचं काम परंपरेने बायांचं, हा माणूस मात्र रोज काढत बसायचा. सत्तरच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी या चित्रकाराने वारली पाड्यांवर फिरून कागद दिले, रंग दिले, आणि 1975 मध्ये म्हसेंची चित्रं गॅलरी केमोल्डच्या भिंतीवर लागली, त्याच भिंतीवर जिथं हुसेन लागायचे. सरकारी हस्तकला प्रदर्शनाच्या स्टॉलवर नाही, जिथं टोपल्यांच्या बाजूला नाव न लिहिता ठेवतात, तर गॅलरीत, माणसाच्या नावाने. 2011 मध्ये म्हसेंना पद्मश्री मिळाली. आज वारली चित्र चहाच्या कपावर, शाळेच्या भिंतीवर, साडीवर सगळीकडे आहे आणि काढणाऱ्याचं नाव पुन्हा गायब आहे, हा भाग वेगळा. पण नाव लिहिण्याने काय फरक पडतो ते पाहायचं असेल तर गडचिरोलीच्या कोणत्याही हस्तकला मेळाव्यात जाऊन बघा, लाकडावरचं, मातीतलं सुंदर काम असतं आणि वर चिठ्ठी असते, किंमत आणि बचत गटाचा नंबर.

आता दुसरी बाजू, नाहीतर हा आरतीचा कार्यक्रम होईल. या गॅलऱ्या दक्षिण मुंबईतल्या, इंग्रजी बोलणाऱ्या, एकमेकांना ओळखणाऱ्या लोकांच्या होत्या आणि बऱ्याच अंशी अजूनही आहेत. कोण आत येईल हे ठरवणारे मोजके हात. धामणगावच्या किंवा लाखनीच्या पोराला तिथपर्यंत पोचायला आधी मुंबईला राहावं लागतं, जे. जे. कलाशाळेत नंबर लागावा लागतो, कोणीतरी नाव सुचवावं लागतं. गाडे गेले, रझा गेले, गायतोंडेंचं घर मुंबईला गेलं म्हणून ते गिरगावात वाढले. जे नागपुरात राहिले, चित्रकार भाऊ समर्थांसारखे, त्यांना आपल्याकडच्या लेखक-कवींमध्ये केवढा मान, पण लिलावाच्या कोणत्या बातमीत त्यांचं नाव वाचलंय? चित्रं कमी पडली का? मला तसं वाटत नाही. नागपुरात अजब बंगला, म्हणजे संग्रहालय, 1863 पासून आहे, कलाशाळा आहे, हॉल आहेत, शिकवणारे चांगले आहेत. नव्हता तो वीस वर्षं तोट्यात दुकान चालवणारा एक फ्रेमवाला, आणि काचेतलं चित्र पाहून आत येणारा श्लेसिंगर. गायतोंडे वर्षाला पाच-सहाच चित्रं करायचे, त्यातली विकली तर विकली. अशा माणसाला कोणीतरी सांभाळणारं हवंच, त्यांच्या बाबतीत ते काम बरंचसं पंडोलने केलं. 2015 मध्ये त्यांचं एक चित्र मुंबईच्या लिलावात 29 कोटीच्या वर गेलं. गायतोंडे 2001 मध्ये वारले होते, दिल्लीच्या एका लहानशा बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, बरंच आयुष्य काढून.

मग इथं कायद्याचा प्रश्न येतोच. आपल्या कॉपीराइट कायद्यात 53 अ नावाचं कलम आहे, 1994 च्या दुरुस्तीत घातलेलं. चित्र, शिल्प, रेखाटन यांची मूळ प्रत पुन्हा विकली जाताना किंमत दहा हजाराच्या वर असेल तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसाला त्यातला हिस्सा मागता येतो, जास्तीत जास्त दहा टक्के. वाचायला छान. पण विक्री झाली हे कळणार कसं, घेणारा-विकणारा दोघंही नाव सांगत नाहीत, आणि मागायला वकील लागतो, म्हणून हे कलम बहुतेक कागदावरच आहे. अमेरिकेत तर देशभर लागू असा हक्कच नाही, म्हणून न्यूयॉर्कच्या त्या विक्रीत हा विषयच निघाला नाही.

केकूंनी बाकीही बरंच केलं. ललित कला अकादमी उभी राहताना ते होते. मुंबईला राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय हवं म्हणून वर्षानुवर्षं मागे लागले, ते 1996 मध्ये जुन्या कावसजी जहांगीर हॉलमध्ये सुरू झालं. आणीबाणीत केकी मंझिलमध्ये सरकारविरोधी लोकांना आसरा होता, आणि 1992-93 च्या दंगलीनंतर सत्तरी ओलांडलेला हा माणूस वस्त्यांमध्ये शांतता राखणाऱ्या मोहल्ला कमिट्यांच्या कामात होता. 2009 मध्ये पद्मश्री, 2012 मध्ये गेले, पुढच्या वर्षी खोर्शेदबाईही गेल्या.

गॅलरी मात्र बंद झाली नाही आणि हे या धंद्यात दुर्मिळ आहे, कारण गॅलरी म्हणजे शेवटी एका माणसाची नजर आणि त्याच्या ओळखी, तो गेला की दुकानाला कुलूप लागतं. इथं मुलगी शिरीन गांधी 1988 पासूनच कारभार पाहत होत्या, म्हणजे हस्तांतर चोवीस वर्षं आधी झालेलं. त्यांनी आईबापांची यादी नुसती सांभाळली नाही, आपल्या वयाचे चित्रकार घेतले, व्हिडिओ, मांडणशिल्प, ज्याला टांगताच येत नाही असलं काम घेतलं. 2007 मध्ये जहांगीरवरची लहान जागा सोडून फोर्टमध्ये प्रेस्कॉट रोडवर मोठ्या हॉलमध्ये गेले, म्हणून नाव झालं केमोल्ड प्रेस्कॉट रोड.

जायचं असेल तर सोपं आहे. विदर्भ एक्सप्रेसने सकाळी सीएसएमटीला उतरा, चहा-पोहे करा, अकरापर्यंत वेळ काढा कारण त्याआधी बहुतेक काही उघडत नाही. स्टेशनवरून चालत जाण्यासारखं आहे, क्वीन्स मॅन्शन नावाची जुनी इमारत, तिसरा मजला. तिकीट नाही, कोणी काही विचारत नाही, घ्यावंच लागेल असंही नाही. भिंतीवर किंमत लिहिलेली नसते, टेबलावरच्या माणसाला किमतीची यादी मागा, हक्काने मागा, बघायला पैसे पडत नाहीत. तिथून काळा घोड्याला जहांगीर आणि समोर राष्ट्रीय संग्रहालय, सगळं पायी होतं, संग्रहालयाला मात्र तिकीट आहे. स्वतःची चित्रं दाखवायची असतील तर गुंडाळी काखेत मारून थेट जाऊ नका, आधी ईमेल करा, दहा-बारा चांगले फोटो, प्रत्येकाखाली माप आणि वर्ष लिहून. आणि कुठेही चित्र ठेवून यायची वेळ आली तर पावती घेतल्याशिवाय हात सोडू नका, पावतीवर चित्राचं नाव, माप, किंमत, गॅलरीचा हिस्सा किती, पैसे किती दिवसांत, आणि विकलं गेलं नाही तर परत पाठवायचा खर्च कोणाचा, एवढं तरी पाहिजे. रविवारी जाऊ नका, जहांगीर उघडी असते पण बाकीच्या बहुतेक गॅलऱ्या बंद.